स्तूपाला दार

चूक माझी होती, आणि ती तीन फूट रुंद नि सात फूट उंच होती. मापं बरोबर सांगतो, कारण ती मीच काढली होती. साक्री तालुक्यातल्या एका गावात, बौद्धवस्तीच्या टोकाला, बारा फूट व्यासाच्या स्तूपाला मी दार लावलं. दोन खिडक्याही दिल्या. हवा खेळती राहावी म्हणून वर झरोके ठेवले. स्तूप म्हणजे काय हे ज्याला थोडंफार ठाऊक आहे, तो एवढ्यावरच हसेल. मला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेसुद्धा ठाऊक नव्हतं. सरकारी नोकरीत ही दुसरी गोष्ट फार उपयोगी पडते.

मी बांधकामाचा अभियंता. राहतो धुळ्याला, मूळचा बोदवडकडचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत अंगणवाड्या, सभामंडप, स्मशानातल्या शेड, शाळांच्या संरक्षक भिंती, असं पुष्कळ काही माझ्या सहीनं उभं राहिलं. त्यातलं काही अजून उभं आहे. या कामात एक सवय लागते. कागदावर काहीही आलं की डोळा आधी दार शोधतो. दार सापडलं की आत माणूस जातो, माणूस गेला की त्याला उजेड लागतो, उजेड आला की खिडकी आली. मी नकाशा असाच वाचत आलो.

तर त्या वस्तीला स्तूप बांधायचा होता. विहार आधीपासून होता, पत्र्याचा. त्याच्या मागची जागा गावठाणातली, म्हणजे ग्रामपंचायतीची. त्यामुळे नकाशा माझ्याकडून मंजूर होऊन येणं भाग होतं. मी जागा बघायला गेलो तेव्हा वस्तीतली पंचवीस-तीस माणसं विहारासमोर जमली होती. त्यांच्या पुढं एक गवंडी उभा होता. साठीच्या आसपासचा, काटक, खांद्यावर टॉवेल, नखांत सिमेंट. सगळे त्याला आबा म्हणत होते. मी त्याला मिस्तरी म्हणालो आणि अरे-तुरे केलं. तो माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी तरी मोठा असेल. पण गवंड्याला अहो म्हणायची आमच्यात पद्धत नाही, आणि मी पद्धतीचा माणूस.

त्यानं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर नकाशा काढून आणला होता. पट्टी लावून, पेन्सिलीनं, फार नीटस. खाली गोल ओटा, त्याच्याभोवती फिरायला वाट, वाटेला कठडा. ओट्यावर अर्धा चेंडू. चेंडूच्या डोक्यावर एक चौकोन. चौकोनातून वर गेलेली काठी आणि काठीला एकावर एक तीन छत्र्या.

"ही पाण्याची टाकी का रे?" मी चौकोनावर बोट ठेवून विचारलं.

"नही साहेब, ती हर्मिका."

"आणि हा अँटेना?"

मागची दोन-चार पोरं हसली. मला बरं वाटलं. ती माझ्या विनोदाला हसली असंच मी धरून चाललो.

"दार कुठाय?"

"स्तूपले दार ऱ्हास नही," गवंडी म्हणाला.

"मग आत जायचं कसं?"

"मझार जानंच नसतं साहेब. भोवते फिरानं."

"मग आत असतं काय?"

त्यानं विहारामागच्या खोलीकडं पाहिलं. मग म्हणाला, "भंतेजी."

ते मला नंतर नीट कळलं. विहारामागच्या खोलीत एक म्हातारे भिक्खू बरीच वर्षं राहत होते. वस्तीतल्या मोठ्या माणसांना त्यांनी संध्याकाळी अक्षरओळख शिकवली. हा गवंडी चाळिशी ओलांडल्यावर त्यांच्याकडेच वाचायला शिकला. ते गेले तेव्हा त्यांच्या अस्थी एका तांब्याच्या लहान गडूत ठेवल्या होत्या. गडूचं तोंड मेणानं बंद करून गवंड्यानं तो आपल्या घरी फळीवर ठेवला होता. स्तूप बांधीन आणि त्याच्या पोटात तुम्हाला ठेवीन, असा शब्द त्यानं म्हाताऱ्याला दिलेला होता. सगळा खटाटोप त्या शब्दासाठी होता. पण हे मी त्या दिवशी ऐकून घेतलं नाही. मी घड्याळ बघत होतो.

माझ्या चेहऱ्यावरून त्याला वाटलं असावं की साहेबाला आकृती समजली नाही. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, चौघडी केली आणि जमिनीवर ठेवला. त्यावर सिमेंटचं घमेलं पालथं घातलं. घमेल्यावर आपली ओळंब्याची लाकडी दांडी उभी धरली.

"भंतेजीनी मले असंच दखाडं व्हतं," तो म्हणाला. "बुद्धले शिष्यांनी इचारं, स्तूप कसा बांधाना? बुद्धनी आपलं चीवर घडी करी ठेवं. त्यावर भिक्षापात्र, उपडं. त्यावर काठी. व्हयना स्तूप."

आज ते दृश्य आठवलं की वाटतं, वास्तुशास्त्राचा इतका स्वच्छ धडा मला पदविकेच्या तीन वर्षांत कोणी दिला नव्हता. भिक्खूजवळ असतं तरी काय? पांघरायला वस्त्र, खायला पात्र, चालायला काठी. ते तीन एकावर एक ठेवले की माणूस संपतो आणि स्तूप होतो. बसका ओटा, पालथं पात्र, उभी काठी. ज्या हातांनी तो मांडला, त्या हातांनी तो बांधणार होता.

आणि मी म्हणालो, "मिस्तरी, घमेलं पालथं घालून नकाशा मंजूर होत नसतो. पाटी टाकायचं काम कर, शिकवायचं काम आम्हाला ठेव."

या वेळी पोरं हसली नाहीत. ग्रामपंचायतीकडून आलेले दोघे हसले. गवंड्यानं घमेलं सरळ केलं, टॉवेल झटकला आणि खांद्यावर टाकला.

मग मी नियम सांगितला. बांधकामाला आतली जागा असली पाहिजे, आत जायला दार असलं पाहिजे, उजेड-वाऱ्याची सोय असली पाहिजे, नाहीतर मंजुरी नाही. खरं तर तसा नियम नव्हता. छापील नमुन्यात 'आतील क्षेत्रफळ' असा एक रकाना होता आणि त्यात शून्य लिहायला माझा हात धजत नव्हता, एवढंच. वरिष्ठांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला माहीत नाही हे त्यांना कळलं असतं. याहून वाईट गोष्ट पुढं सांगायची आहे, ती इथंच सांगून टाकतो. त्याआधी माझ्या हाताखालून चार-पाच देवळांचे जीर्णोद्धार गेले होते. तीस-तीस फुटांची भरीव शिखरं. त्यांच्या कळसाला खिडकी का नाही, असं मी कुठल्या विश्वस्ताला विचारलं नव्हतं. तिथं मी चपला काढून उभा राहायचो आणि कागदावर सही करून प्रसाद घेऊन यायचो. दार फक्त इथं मागितलं. हे माझ्या लक्षात यायला सहा वर्षं लागली, आणि लक्षात आल्यावर झोपेत खडा टोचावा तसं ते टोचत राहिलं.

वस्तीपुढं दोनच वाटा होत्या. दारासह स्तूप, किंवा काहीच नाही. त्यांनी दार घेतलं. मी नवा नकाशा काढला. विटांची गोल भिंत, वर काँक्रीटचा घुमट, पुढं दार, बाजूला खिडक्या. हर्मिकेच्या जागी चौकोनी कठडा मात्र राहू दिला, कारण तो शोभिवंत दिसत होता. वरच्या काठीपुढं मी बाण काढून 'तडितरक्षक' असं लिहिलं. दार गवंड्यानंच बसवलं. काटकोनाला गुण्यात, उभ्याला ओळंब्यात, एक सूतही इकडं-तिकडं नाही.

काम पूर्ण झाल्यावर मी तपासणीला गेलो आणि खूश झालो. दारात उभं राहून फोटो काढून घेतला. गवंड्याला म्हणालो, "आता तुझे ते भंतेजी इथं ठेव. समोरच्या भिंतीला काचेचं कपाट कर, आत एक ट्यूबलाइट लाव. लोकांना दर्शन होईल."

तो म्हणाला, "भंतेजीले काचमा नही ठेवता येत साहेब."

"का?"

"त्या काय दुकानना माल शेतस का?"

गडू त्याच्या घरी फळीवरच राहिला.

पुढं जे झालं ते मी अभियंता म्हणून आधीच ओळखायला हवं होतं. दार आलं की कडी येते, कडीला कुलूप लागतं, कुलपाला किल्ली असते, आणि गावात किल्ली कुठं राहते ते सगळ्यांना माहीत आहे. वर्षभरात ग्रामपंचायतीनं स्तूपात पाणीपुरवठ्याची जुनी मोटर ठेवली. मग पाइप आले. मग डासांच्या औषधाचं फवारणी यंत्र आलं. मग मंडपाचे बांबू आले, ते लांबीला मावेनात म्हणून त्यांची टोकं झरोक्यातून बाहेर काढली. तेव्हाचे सरपंच मला एकदा धुळ्यात भेटले. मी सहज विषय काढला, तर म्हणाले, "भाऊ, दार शे म्हणजे खोली शे. खोली शे तं मग रिकामी कसाले ठेवानी?" त्यांचं तर्कशास्त्र माझंच होतं. फक्त ते एक पायरी पुढं गेले होते.

आणि खिडक्या. त्यांची झडपं मी बाहेरच्या बाजूला उघडणारी दिली होती, पाऊस आत येऊ नये म्हणून. पौर्णिमेला माणसं स्तूपाभोवती फेरी घालायची तेव्हा उघडी झडप कपाळाला लागायची. एका म्हाताऱ्या बाईच्या भुवईला टाके पडले. मला हे कळवण्यात आलं. मी निरोप दिला की फेरीच्या वेळी झडपा लावून घ्याव्यात. मोटर, पाइप आणि फवारणी यंत्र यांना प्रदक्षिणा घालताना झडपा लावून घ्याव्यात, असा त्या निरोपाचा अर्थ होत होता, हे मला तेव्हा दिसलं नाही.

सहाव्या वर्षी माझे वडील गेले. गावीच गेले. त्यानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली तशी मी बोदवडकडं घरी गेलो. आमच्याकडं आखाजीला पितरांची घागर भरतात. सकाळी गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढायचं. मग मातीची नवी लाल घागर पाण्यानं भरून पाटावर ठेवायची, तिच्या तोंडावर लहान मडकं, मडक्यावर डांगर, म्हणजे खरबूज, बाजूला आंबे नि सांजोऱ्या. लहानपणापासून हे बघत आलो होतो, पण करणारे वडील असायचे. त्या वर्षी घागर मला भरायची होती, आणि नाव त्यांचं घ्यायचं होतं.

मी घागर भरली. लहान मडकं ठेवण्याआधी, का कोण जाणे, वाकून आत पाहिलं. पाणी किती आलंय ते बघत होतो असं मी स्वतःला सांगितलं. आई मागून म्हणाली, "अरे, डोकावू नको त्याच्यात. घागरीत पाहत असतात का कधी? बापाचं नाव घे अन् बाजूले हो."

"आत काय आहे ते बघू नये का?" मी उगाच वाद घातला.

"मधी काय हाये ते त्याले ठाऊक. इतका मोठा साहेब झाला अन् तुले इतकं बी समजत नाही?"

मी मडकं ठेवलं, डांगर ठेवलं, नाव घेतलं आणि बाजूला झालो. आणि बाजूला होऊन पाटाकडं पाहिलं तर समोर तो कॅलेंडरच्या पानावरचा नकाशा होता. खाली पाट. त्यावर गरगरीत गोल घागर. तिच्या डोक्यावर लहान मडकं, त्यावर डांगर. वडील आत होते, आणि आत जायला दार नव्हतं. दार असतं तर आम्ही त्यात नक्की काहीतरी ठेवलं असतं.

जेवताना मला सांजोरी गोड लागली नाही. आईला वाटलं वडिलांची आठवण येते आहे. तीही येत होतीच.

परतताना धुळ्याला न जाता जळगावहून अजिंठ्याला गेलो. शाळेत असताना आमची सहल दर दोन वर्षांनी तिथंच जायची, कारण जवळ होतं. पाच-सहा वेळा तरी मी त्या लेण्यांतून फिरलो असेन, आणि प्रत्येक वेळी चैत्यगृहाच्या टोकाला असलेला तो दगडी गोल बघून, डबा कुठं खायचा याचा विचार करत बाहेर आलो असेन. आता दहा नंबरच्या लेणीत शिरलो आणि सरळ शेवटपर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंनी खांबांची रांग येते आणि टोकाला वळून स्तूपाच्या पाठीमागून जाते. म्हणजे वाट माणसाला आत नेतच नाही, भोवती फिरवते. डावीकडून निघायचं, त्याला उजव्या हाताशी ठेवायचं आणि जिथून निघालो तिथं परत यायचं. मी दोन फेऱ्या मारल्या. खरं सांगायचं तर दुसऱ्या फेरीत मी अजून दार शोधत होतो. सव्वीस वर्षांची सवय.

पहारेकरी जवळ आला. "काय हरवलं साहेब?"

"याला आत जायला काही..."

"आत?" त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "डोंगर आहे साहेब तो. कोरताना भोवतीचा काढला, मधला ठेवला. आत दगडच."

"पूर्ण भरीव?"

"मग काय पोकळ ठेवतात? हात नका लावू."

मी हात मागं घेतला. शेजारी एक शाळेची सहल आली होती. त्यांचे गुरुजी सांगत होते की हा स्तूपाचा गोल भाग म्हणजे अंड. अंड्यात जसं सगळं असतं पण बाहेरून काही दिसत नाही, तसं. वरच्या चौकोनाला हर्मिका म्हणतात. पूर्वी पवित्र झाडाभोवती किंवा जागेभोवती कुंपण घालत, त्या कुंपणाची ती खूण. त्यातून वर जाते ती यष्टी, जगाचा जणू आस. आणि छत्री राजाच्या डोक्यावर धरतात, म्हणून इथंही छत्र. एक मुलगी वहीत लिहून घेत होती. तिच्या वहीत डोकावून मी शुद्धलेखन तपासल्यासारखं केलं आणि सगळं पाठ करून घेतलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मला जे कळत होतं, ते सातवीच्या मुलीला गृहपाठ म्हणून दिलेलं होतं.

इथं खरं तर मी सरळ साक्रीकडं जाऊन माफी मागायला हवी होती. आपल्याकडं माफी मागायची रीत नाही असं नाही, पण तिच्याऐवजी चालणारी एक सोय आहे. शाल आणि श्रीफळ. मी त्या गावच्या शाळेतल्या एका कार्यक्रमात गवंड्याचा सत्कार घडवून आणला. 'ज्येष्ठ कारागीर' म्हणून. भाषणात मी त्याच्या कलेची, कष्टांची आणि परंपरेची तोंड भरून स्तुती केली. घमेल्याचा उल्लेख टाळला. त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटोसाठी दोघं हसलो. खाली उतरताना माझ्या लक्षात आलं की तो नारळ दोन्ही हातांनी छातीशी दाबून चालतो आहे. एका हातात त्याला तो धरवत नव्हता.

"शाल चांगली शे," तो म्हणाला. "कामले ई."

"तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"थापी-करणी धरता येत नही आते नीट. सकाळना पाहऱ्यामा धरता येस, दुपारनी नही." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "साहेब, मी गया तं ते गडूनं काय करतीन पोरं? एक दिवस कोनी फळी झाडी नि नदीवर ली जाई. मन्हा शब्द ऱ्हाई जाई."

त्याला शाल नको होती. त्याला स्तूपाचं पोट हवं होतं, त्याच्या हातात ताकद होती तोवर. आणि ते पोट मी मोटर आणि बांबूंनी भरू दिलं होतं.

त्यानंतर मी पहिल्यांदा त्या कामाला लागलो ज्याची सव्वीस वर्षं मला भीती वाटत होती. मी माझी स्वतःची सही चुकीची होती असा कागद लिहायला बसलो. सरपंच आता बदलले होते. नवे म्हणाले, "आम्हनी मोटर दुसरीकडे ठेवसूत, आम्हले काय. पन तुम्हनं लेखी पाहिजे." मी लेखी दिलं. "सदर बांधकामास अंतर्गत जागा असणे अभिप्रेत नव्हते. सबब दार, खिडक्या व झरोके अनवधानाने दिले गेले. ते बंद करून अंतर्भाग भरीव करण्यास हरकत नाही." मला तो मजकूर चांगला वाटला. त्याची एक प्रत मी गवंड्याकडं पाठवली. त्या प्रतीनं माफी मागायचं माझं काम भागेल अशी आशा मला होती.

भरायचा दिवस ठरला. सकाळी लवकर पोचलो तेव्हा आतलं सगळं सामान बाहेर काढलेलं होतं आणि वस्तीतली माणसं दगडांच्या ढिगाशी उभी होती. नुसता मुरूम ओतला तर भिंतीला बाहेरून पोट येईल, म्हणून दगडाची कोरडी रचाई करत वर जायचं, असं मी सुचवलं. या वेळी सुचवलं, सांगितलं नाही. गवंडी म्हणाला, "मीभी तेच म्हनत व्हतो." मधोमध छातीइतक्या उंचीवर चार फरशांची लहान पेटी केली. त्यानं मी दिलेली शाल आणली होती. तिची चौघडी करून पेटीच्या तळाला घातली, वर तांब्याचा गडू ठेवला आणि त्यावर फरशी झाकली. वस्तीतल्या लोकांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. माझी शाल खरंच कामाला आली होती. मी दगड देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो, मागून पुढं, मागून पुढं. मागच्या भिंतीपासून पुढं दारापर्यंत सगळं भरत आलं. घुमटाच्या वरच्या कुशीत थोडी पोकळी राहतेय असं माझ्या लक्षात आलं. मी बोललो तर गवंडी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तितला वारा भंतेजीले लागी."

भरायला दिवस गेला, उरलं फक्त दार. चौकट आधीच उपटली होती. विटा लावायच्या होत्या आणि त्या तोच लावणार होता, म्हणून ते काम दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रहरी ठेवलं. उजाडताच सगळे समोर बसले होते, जवळजवळ तीच माणसं, मी जागा बघायला आलो तेव्हा जमलेली, फक्त सहा-सात वर्षांनी मोठी झालेली. भुवईवर टाक्याचा व्रण असलेली ती बाईही होती. मला विटा देताना बघून ती मोठ्यानं म्हणाली, "साहेब, आते खिडकी कोठे काढानी?" सगळे हसले. मीही हसलो. या वेळी विनोद माझ्यावर होता आणि तो मला समजला होता.

चार थर झाले. त्यानं करणी ठेवली, खिशातून घडी केलेला एक कागद काढला आणि उलगडला. माझ्या पत्राची प्रत.

"साहेब, हाई मी वाचं," तो म्हणाला. "दोनदाव वाचं. दार अनवधानाने दिले गेले, असं शे यामा. पन कोनी दिधं, ते नही. वाचनाऱ्याले वाटी, गवंडीनीच लाई दिधं व्हई. बसाडेल तं मन्हाच हातना शे."

तो रागावून बोलला नाही. भंतेजींनी त्याला वाचायला शिकवलं होतं, आणि कागदात जे नव्हतं तेसुद्धा तो वाचू शकत होता.

मी घरून काही वाक्यं ठरवून आणली होती. त्यात आखाजी होती, अजिंठा होता, अंड आणि हर्मिका होती. त्यातलं एकही आठवेना. हातात वीट होती. तो म्हणाला, "द्या, माल सुकी ऱ्हायना." मी वीट दिली नाही. समोर बसलेल्या लोकांकडं तोंड केलं, मग वाटलं की हे त्यांना ऐकू गेलं पाहिजे, पण सांगायचं त्याला आहे, म्हणून परत त्याच्याकडं वळलो.

"आबा," मी म्हणालो, "दार मी दिलं. नियम नव्हता, मी खोटं सांगितलं. तुम्ही याच जागेवर टॉवेल ठेवून, घमेलं ठेवून मला नीट समजावलं होतं, आणि मी सगळ्यांसमोर तुम्हाला हसलो. तुमचा शब्द माझ्यामुळं इतकी वर्षं फळीवर राहिला. माझी चूक झाली आबा. मला माफ करा."